पिशव्या सांभाळणाऱ्यांचा पाळणा

बागेतल्या सगळ्या फिरत्या खेळण्यांची दुरुस्ती जिच्या हातात, तिलाच गोल फिरलेलं सोसत नाही, हे ऐकून नवी माणसं आधी हसायची, मग "खरंच?" असं विचारून पुन्हा हसायची. पानाताईला त्याची सवय झाली होती. कमरेला कायम पाना खोचलेला, म्हणून ती पानाताई. बावीस वर्षं तिने उंच पाळण्याचे बोल्ट आवळले, लाकडी घोड्यांच्या दांड्यांना ग्रीस लावलं, झुलत्या जहाजाची बेअरिंगं बदलली. पण या तिन्हींत ती एकदाही बसली नव्हती. बसणं लांबच राहिलं, उताणं पडून छताच्या पंख्याकडे पाहिलं तरी तिच्या पोटात ढवळायला लागायचं. लेक लहान असताना तिला हातांना धरून गरगर फिरवायचं काम बापाकडे होतं. ही भिंतीला टेकून टाळ्या वाजवायची, त्याही डोळे मिटून.

तांत्रिक शाळेत फिटरच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. लेथवर लोखंडाचा तुकडा मिनिटाला पाचशे फेऱ्या मारत असताना ती त्याच्यावर वाकून निवांत काम करायची. मास्तरांनी विचारलं होतं, "तुला चक्कर येते ना गं?" त्यावर ती म्हणाली होती, "फिरतोय तो, सर. मी कुठे फिरतेय?" मास्तरांनी तिला त्या वर्षी सगळ्यात जास्त मार्क दिले.

बागेत लागल्यावर ती यंत्रांइतकीच माणसंही बघायला शिकली. त्यातही एक जात तिच्या खास ओळखीची झाली. प्रत्येक खेळण्याच्या कठड्याला टेकून काही माणसं उभी असतात. त्यांच्या एका खांद्यावर तीन पिशव्या, दुसऱ्यावर दोन, हातात कुणाचे तरी बूट. कुणाला चक्कर येते, कुणाची कंबर दुखते, कुणाला सातवा महिना असतो. बाकीचं घर वर किंचाळत असतं आणि ही माणसं खालून हात हलवतात. एकदा तर एक आजीबाई नवऱ्याची कवळी रुमालात धरून उभ्या होत्या, कारण आजोबा जहाजात बसले होते आणि दातांची खात्री नव्हती. "तुम्ही नाही बसलात?" असं पानाताईने विचारलं, तेव्हा आजीबाई म्हणाल्या, "मग हे कोण धरणार?"

त्या दिवशी पानाताईच्या डोक्यात किडा शिरला. पिशव्या सांभाळणाऱ्यांसाठी एक पाळणा हवा. गोल जाणारा, वारा लागणारा, पण पोटातलं पाणी न हलवणारा. आणि तो आपण बांधायचा.

दोन वर्षं ती भंगार गोळा करत होती. बंद पडलेल्या काँक्रीट मिक्सरची मोटर आणि गिअरबॉक्स मिळाला. ट्रकचे एकाच मापाचे पाच टायर मिळाले. पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या आडव्या कापून चार टब झाले, आणि तिच्या शिंपी नवऱ्याने त्यांच्या बैठकांना निळ्या रेक्झिनच्या गाद्या शिवल्या. रचना सोपी होती. मधोमध एक टायर जमिनीला पक्का बसवलेला. त्याच्याभोवती चार दांड्यांचा सांगाडा फिरायचा, मिनिटाला सहा फेऱ्या. प्रत्येक दांड्याच्या टोकाला एक टायर, मधल्या टायरला घट्ट टेकलेला, आणि त्याच्यावर टब. सांगाडा फिरला की कडेचे टायर मधल्या टायरवरून घरंगळत जाणार आणि टब हळूच स्वतःभोवती फिरणार. टायर सारख्या मापाचे, म्हणजे एका फेरीला टबची एकच गिरकी. "लाकडी घोड्यांइतकंच," पानाताईने स्वतःला समजावलं. "तेवढं तर कुणालाही सोसेल. मलासुद्धा."

स्वतःला समजावणं भाग होतं. कारण बागेचा एक जुना नियम होता, मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी घालून दिलेला. जो बांधेल तो आधी बसेल. तीस फेऱ्या, डोळे उघडे. उतरल्यावर खडूच्या सरळ रेषेवरून दहा पावलं चालायची. पाऊल रेषेबाहेर पडलं तर खेळणं उघडायचं नाही. आजवरची खेळणी बाहेरच्या कारागिरांनी बांधलेली, त्यामुळे नियमाची झळ पानाताईला लागली नव्हती. आता लागणार होती.

"पानाताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे," मालकीणबाई म्हणाल्या, "पण नियम म्हणजे नियम. शनिवारपर्यंत वेळ देते. नाहीतर त्या जागेवर मुलांनी उड्या मारायचा हवेचा किल्ला येतोय. किल्लेवाला रोज फोन करतोय."

सोमवारी सकाळी सगळी बाग जमली. सगळी बाग म्हणजे मालकीणबाई, दोन माळी, तिकीट खिडकीवरच्या काकू आणि शिट्टीकाका. शिट्टीकाका खेळणी चालू-बंद करायचे, आणि नियमाची अंमलबजावणी त्यांच्याकडे होती. गळ्यात शिट्टी, खिशात खडू, आणि वागणं असं की न्यायाधीशाने लाजावं.

"बस गं पोरी," ते म्हणाले. "घोडामैदान जवळच आहे."

पानाताई बसली. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरीला तिचा चेहरा गादीच्या रंगाचा झाला. चौथीला तिने डोळे मिटले आणि जरा वेळाने शिट्टी वाजली.

"डोळे मिटले! पहिल्यापासून मोजणार!"

"पहिल्यापासून नको," टबमधून क्षीण आवाज आला. "पहिलं थांबवा."

ती उतरली. खडूच्या रेषा तिच्या मते तीन होत्या. तिने मधलीवर पाय ठेवला आणि थेट एका माळ्याच्या गळ्यात पडली.

घरी आल्यावर ती जमिनीवर आडवी झाली, कारण पलंग हलत होता. नवरा मशीनवर कोटाची बाही शिवत बसला होता. लेक कोपऱ्यात वह्या उघडून बसली होती. ती यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि यंत्रांच्या गतीच्या विषयात वर्गात पहिली. हे ती दिवसातून एकदा तरी सांगायची.

"माझ्यातच खोट आहे," पानाताई छताला म्हणाली. "लाकडी घोड्यांवर चार वर्षांची मुलं बसतात. आणि मी? फेरीला दोनदा ते फाटकावरचं घड्याळ डोळ्यांसमोरून गेलं की पोटातलं सगळं..."

"एकदा," लेक म्हणाली.

"काय?"

"फेरीला एकदा दिसेल घड्याळ. दोन्ही टायर सारखे, परीघ सारखा, म्हणून गिरकी एक. साधं गणित आहे, आई."

"अगं, मी होते त्यात! दोनदा दिसलं. पहिल्या फेरीत तर डोकं ठिकाणावर होतं माझं."

"चक्कर आलेल्या माणसाची साक्ष धरत नाहीत."

"वर्गात पहिली आलीस म्हणून आईला वेडी ठरवतेस?"

"थांबा, थांबा," नवरा मशीन थांबवत म्हणाला. त्याने डब्यातून कोटाची दोन सारखी मोठी बटणं काढली. एक टेबलावर ठेवून बोटाने दाबून धरलं. दुसऱ्यावर खडूने एक रेघ ओढली आणि ते पहिल्याच्या कडेकडेने, घसरू न देता, फिरवायला लागला. "मला तुमचं गणित कळत नाही. पण बटण कळतं."

तिघांची डोकी टेबलावर जवळ आली. खडूची रेघ वर होती. बटण पहिल्याच्या बाजूने अर्ध्या वाटेवर, अगदी खाली पोहोचलं, आणि रेघ पुन्हा वर!

"अर्ध्याच फेरीत पूर्ण गिरकी?" लेक किंचाळली. "पुन्हा करा बाबा!"

त्याने पुन्हा केलं. मग तिने केलं. मग पानाताई उठून बसली आणि तिने केलं. दर वेळी तेच. पूर्ण फेरीत दोन गिरक्या.

"दोन!" पानाताई ओरडली. "मी म्हणत नव्हते? दोन!"

"पण परीघ तर सारखा..." लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "वर्गात पहिली..."

"माझ्या बटणाला परीक्षा नव्हती ना," बाप म्हणाला, "म्हणून त्याला बरोबर आलं."

 लेक एकदम उठली, बापाचा कोटाच्या मापांचा खाकी कागद ओढला आणि त्याच्यावर गोल काढायला लागली.

"अगं, तो गिऱ्हाइकाचा..."

"बाबा, दोन मिनिटं! आई, बघ. हा तुझा टब, वरून पाहिलेला. आता या एका क्षणी कुठला बिंदू किती वेगाने आणि कुठे निघालाय, ते बाणाने दाखवायचं. किती आणि कुठे, दोन्ही. नुसतं किती म्हटलं तर अर्धंच सांगितलं. आमच्या वहीत याला सदिश राशी म्हणतात."

"वहीतलं नाव राहू दे. बाण काढ."

"सांगाडा सगळ्या टबला पुढे नेतोय. हा एक बाण, सगळीकडे सारखा. वर टब स्वतःभोवती फिरतोय. बाहेरच्या कडेला तो बाणही पुढेच, म्हणून बेरीज. आतल्या कडेला तो मागे, म्हणून वजाबाकी." तिची पेन्सिल भराभर चालली होती. "आणि गिरक्या दोन असल्यामुळे दोन्ही बाण नेमके सारख्या लांबीचे! म्हणजे जिथे टायर टायरला टेकतो तिथे शून्य, आणि बाहेरच्या कडेला दुप्पट. एकाच टबमध्ये, एकाच क्षणी!"

पानाताईने कागद जवळ ओढला. "आणि मी बाहेरच्या कडेला बसले होते."

"आता बाहेर. पाच सेकंदांनी आत. मग परत बाहेर. दुप्पट, शून्य, दुप्पट, शून्य."

"म्हणजे मी आत यायची तेव्हा माझं पोट अजून बाहेरच असायचं." पानाताईला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. खोट तिच्यात नव्हती, टायरमध्ये होती! हसता हसता तिची नजर नवऱ्याच्या मशीनवर गेली आणि तिथेच चिकटली. तिने उठून मशीनचं पायडल दाबलं. खालचं मोठं चाक फिरलं, पट्टा सरकला, वरचं चाक फिरलं. तिने पुन्हा दाबलं.

"अहो, हे दोन्ही एकाच बाजूला फिरतात."

"गेली पंचवीस वर्षं फिरतायत," नवरा म्हणाला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं पोरी, ऐक. मी दांड्यावरच बसलेय असं समज. मला दिसणार काय? मधलं चाक मागे फिरताना दिसणार, फेरीला एकदा. टायर टायरला टेकला की उलटा फिरतो. म्हणजे मागच्याचं पुढे. ती एक गिरकी, वर दांड्याबरोबर फिरते ती एक. झाल्या दोन. पण मध्ये पट्टा असेल, चेन असेल, तर मागच्याचं मागेच! दांडा पुढे एक, चेन मागे एक..."

"शून्य," लेक हळूच म्हणाली. मग जोरात, "शून्य! टब गोल जाईल पण फिरणार नाही! सगळे बाण सारखे! आतला, बाहेरचा, मधला, सगळे सारखे!" तिने खाकी कागदावर दुसरा गोल काढला आणि तो एकाच लांबीच्या, एकाच दिशेच्या बाणांनी भरून टाकला, इतका की कागद फाटला.

"तो कोट आता आखूड होणार," बाप म्हणाला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणी रिकामं नव्हतं. मायलेकी एकमेकींचे हात धरून खोलीत नाचत होत्या, आणि अर्ध्या मिनिटात पानाताई पुन्हा जमिनीवर आडवी झाली होती. "फिरवू नकोस गं," ती हसत म्हणत होती. "चेन लागेपर्यंत फिरवू नकोस."

मंगळवार ते शुक्रवार कार्यशाळेत फक्त हातोडीचा आवाज होता. टायर निघाले. मधल्या खांबावर एकावर एक अशी चार दातेरी चाकं पक्की बसली, आणि प्रत्येक टबच्या खाली तेवढ्याच दातांचं एकेक. चार जुन्या चेन रॉकेलमध्ये उकलून धुतल्या, ताणल्या, चढवल्या. दात पानाताईने तीनदा मोजले, लेकीने दोनदा, आणि शिट्टीकाकांनी जाता येता, न सांगता.

"फिरणारच नाही, तर लोक बसतील कशाला?" मालकीणबाईंनी शुक्रवारी विचारलं.

"गोल जाणार ना, बाई. फक्त गरगरणार नाही."

"दोन्ही एकच की हो."

"उद्या बघा," पानाताई म्हणाली.  कागदावर सगळे बाण सारखे होते. पोटाने कागद वाचलेला नव्हता.

शनिवारी सकाळी तीच सगळी बाग जमली, शिवाय नवरा आणि लेक. नवरा नेमका फाटकाच्या बाजूला, घड्याळाखाली उभा राहिला. पानाताई त्याच्याकडे तोंड करून टबमध्ये बसली. शिट्टीकाका पुढे आले.

"सोमवारी तू डोळे मिटलेस ते मला उशिरा दिसलं. आज मी टबबरोबर चालणार. तीसच्या तीस फेऱ्या. पापणी लवली तरी कळेल मला."

"काका, पापणी तर लवणारच!"

"लवू दे. मिटायची नाही."

शिट्टी वाजली. मोटर घुमली. टब निघाला.

पानाताईने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. नवरा समोर होता. तो डावीकडे सरकला. मग जरा लांब गेला. मग उजवीकडे आला, मग जवळ. पण समोरून गेला नाही. तिने वाट पाहिली. आता तो नाहीसा होईल, आता झाडं येतील, भिंत येईल, पुन्हा घड्याळ येईल. काही आलं नाही. घड्याळ समोर, नवरा समोर. जग फिरत नव्हतं, नुसतं डुलत होतं, आणि गालांवर वारा लागत होता.

"एक!" काका ओरडले. ते टबच्या बाहेरून लगबगीने चालत होते, नजर तिच्यावर रोखून.

पाचव्या फेरीला तिने एक हात सोडला. नवव्याला दुसरा.

"अहो!" ती नवऱ्याला म्हणाली. "दिसताय तुम्ही!"

"रोजच दिसतो की!"

"तसं नाही हो! जातच नाही तुम्ही समोरून!"

"जाऊ का मग?"

"उभे राहा तिथेच! आणि तुमच्या शर्टाचं खालून दुसरं बटण तुटलंय. शिंपी म्हणवता स्वतःला!"

"ते तुझ्या लेकीने पुढच्या प्रयोगाला नेलंय!"

खिडकीवाल्या काकू हसून हसून वाकल्या. पंधराव्या फेरीला पानाताईने सगळ्या बागेकडे बघून हात हलवला. विसाव्या फेरीला ती काहीतरी गुणगुणत होती. लेक कठड्यावर चढून "सगळे सारखे! सगळे सारखे!" असं ओरडत होती, आणि माळ्यांना वाटलं ही कसली तरी घोषणा आहे, म्हणून तेही ओरडायला लागले.

"पंचवीस," काका म्हणाले. आवाज जरा बसला होता. "सव्वीस. स... सत्तावीस."

तीस झाल्या. शिट्टी वाजली, पण फुसकी. टब थांबला. पानाताई उठली, कडेवरून पाय टाकून खाली उतरली आणि उभी राहिली. जमीन जागच्या जागी होती. तिला त्याचं इतकं नवल वाटलं की तिने पाय आपटून पाहिला.

"रेषा काढा, काका," मालकीणबाई म्हणाल्या.

शिट्टीकाकांनी खिशातून खडू काढला, वाकले आणि रेषा ओढायला लागले. सगळे बघत राहिले. रेषा चार हात सरळ गेली, मग डावीकडे वळली, मग फुलांच्या वाफ्यात शिरली.

"काका, सरळ काढा!"

"सरळच आहे!" काका चिडून म्हणाले. "बागच तिरकी आहे." त्यांनी दुसरी काढली. ती पहिलीला दोन ठिकाणी छेदून परत त्यांच्याच चपलेपाशी आली. मग ते खडू हातात धरून हळूच खाली बसले. "हे... हे कोण फिरवतंय?"

लेक धावत आली. "काका, तुम्ही टबबरोबर तीस फेऱ्या चाललात! प्रत्येक फेरीला तुमचं तोंड पूर्ण एकदा वळलं. म्हणजे तीस गिरक्या तुमच्या झाल्या. आईची एकही नाही!"

"मी नुसता चाललो गं..."

"चालत गोल गेलात ना!"

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मग तोंडाला, कारण हसू आवरेना. "पानाताई, नियमात रेषा हवी. कुणीतरी काढा."

पानाताईने काकांच्या हातातून खडू घेतला. नवऱ्याने मापाची फीत जमिनीवर ताणून धरली, तिने तिच्या कडेने रेषा ओढली, फीत उचलली, आणि ती चालायला लागली. एक, दोन, तीन. सगळी बाग मोठ्याने मोजत होती. सहा, सात. तिचं प्रत्येक पाऊल खडूवर नेमकं पडत होतं. आठ, नऊ. दहाव्याला तिने जरा उडीच मारली, आणि तीही रेषेवरच पडली.

"किल्लेवाल्याला नको म्हणून कळवते," मालकीणबाई म्हणाल्या. "उघडा पाळणा!"

एकच गलका झाला. त्या गलक्यात खालून एक आवाज आला. "मला कुणीतरी कुठेतरी बसवा रे."

पानाताईने एका बाजूने आणि नवऱ्याने दुसऱ्या बाजूने शिट्टीकाकांना उचललं आणि निळ्या गादीवर अलगद बसवलं. काकांनी कड पकडली. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"पोरी," ते म्हणाले, "सुरू करू नकोस हं."

पानाताईचा हात मोटरच्या बटणावर होता. "काका, शपथेवर सांगते, यात काही होत नाही."

"चालताना पण मला तसंच वाटलं होतं!" काका ओरडले, पण तोवर टब निघाला होता.